म्हशीच्या पाठीवरची भरती

"होडी खंय?"

गुणाआत्याने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मी मान वर न करता कालवं खरवडत राहिले. मला वाटलं, कोयती कुठे, टोपली कुठे असं विचारतात तसंच काहीतरी विचारते आहे. मग तिच्या हातातली लोखंडी कांब खडपावर खणकन पडली आणि मी मागे पाहिलं. जिथे आमची होडी असायला हवी होती तिथे खडपात ठोकलेला खुंटा तेवढा होता. त्याच्याभोवती पाणी फिरत होतं. होडी शंभर पावलांवर खाडीच्या आतल्या दिशेने चालली होती, घाई नसल्यासारखी, आपल्याच तंद्रीत.

मी अन्सूकडे पाहिलं. अन्सूने माझ्याकडे पाहिलं. सतरा दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकमेकींच्या डोळ्यांत पाहत होतो आणि दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी नववीत होते. अन्सूयाही नववीत. ती माझ्या धाकट्या काकांची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी लहान. एकाच घरात दोन चुली, पण आम्ही दोघी कुठल्याही चुलीवर जेवायचो. गुणाआत्या आमच्या वडिलांची बहीण, लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. मालवणच्या उत्तरेला आमची खाडी आहे, तिच्या तोंडाशी 'म्हस' नावाचा खडप, म्हणजे पाण्यातला कातळ, आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, म्हशीच्या पाठीसारखा मधोमध उंच, आणि त्याच्या अंगाला कालवं चिकटलेली असतात. भर भरतीत त्याच पाठीवरून होड्या जातात. आत्या आम्हांला कळत्या वयापासून तिथे न्यायची आणि तिचा एकच नियम होता. एकीने होडी बांधायची, दुसरीने विचारायचं, "बांधलंस गो?" पहिलीने सांगायचं, "बांधलंय गो!" मग दुसरीने दोर ओढून बघायचा. हे झाल्याशिवाय टोपलीला हात लावायचा नाही. आम्ही कंटाळलो की आत्या म्हणायची, "दोर हातान बांधतत, पण गाठ बसता ती तोंडान."

आणि आमची तोंडं सतरा दिवस बंद होती.

कारण सांगायचीही लाज वाटते. गणिताच्या पेपरात मला शंभरात नऊ गुण पडले होते. तो पेपर मी तांदळाच्या कणगीत लपवला होता आणि हे फक्त अन्सूला माहीत होतं. एक दिवस जेवताना ती माझ्या बाबांसमोर बोलून गेली. बाबांनी शाळेच्या कोल्हापूर सहलीतून माझं नाव काढून टाकलं. अन्सू गेली. परत येताना तिने माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बारा बांगड्या आणल्या. मी त्या तिच्या देखत, एकेक करून, विहिरीत टाकल्या. बारावी टाकली तेव्हा ती रडत नव्हती. नुसती बघत होती. त्या दिवसापासून अळीमिळी गुपचिळी. मीठ हवं असेल तर मी आत्याला सांगायची, "तिला म्हणावं मीठ दे." आत्या सांगायची, "अन्सू, मीठ दी." आणि मीठ माझ्या ताटाच्या कडेला येऊन पडायचं.

त्या दिवशी सकाळी होडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "आजपासून मी तुमचा पोष्ट हापीस नाय. बोलूचा तर बोला, नायतर मुकी ऱ्हवा."

आम्ही मुकंच राहायचं ठरवलं. वल्ह्यावरही आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या गावांना चालल्यासारख्या बसलो होतो. बाजाराचा दिवस होता, वाडीतल्या बाया गेल्या होत्या बाजाराला, पुरुष समुद्रावर. खडपावर आम्हा तिघींशिवाय कोणी नव्हतं. एरवी आत्या बाजाराचा दिवस कधी चुकवत नसे.

तर होडी चालली होती.

"पाणी भरूक लागला," आत्या म्हणाली आणि धावली.

खडपावर कोणी धावत नाही. कालवांच्या शिंपांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि खाली शेवाळ. पन्नाशीची बाई, कासोटा मारलेला, अनवाणी, म्हशीच्या पाठीवरून होडीच्या दिशेने अशी धावली की जणू ती दोर हाताने पकडणारच होती. खालच्या बाजूला एक अरुंद घळ आहे. तिच्यावरून आत्या उडी मारायला गेली आणि दिसेनाशी झाली.

आधी मोठा दगड घरंगळल्याचा आवाज आला. आत्याचा आवाज त्यानंतर आला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती घळीत बसल्यासारखी होती. डावा पाय गुडघ्याखाली दोन कातळांच्या फटीत आणि वरून पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढा एक दगड त्यावर बसलेला. कमरेपर्यंत पाणी. पाण्यात लाल रंग येत होता, जात होता.

"माजो पाय अडाकलो गो," ती म्हणाली. मग आमच्याकडे बघून, स्वतःला नव्हे तर आम्हांला धीर द्यायला म्हणाली, "काय नाय. काय नाय झाला."

माझी पाचावर धारण बसली होती. तरी मी ती कांब उचलून आणली आणि दगडाखाली खुपसली. मी जोर लावला. दगड बोटभर उचलला गेला असेल, पण त्याच्या आधीच अन्सूने आत्याला काखेत धरून ओढलं होतं आणि ओढून दमून सोडलंही होतं. दगड परत बसला. आत्या किंचाळली. मला अन्सूचा इतका राग आला की मी पुन्हा कांब खुपसली आणि या वेळी न थांबता जोर लावला. अन्सूने त्याच वेळी आत्याचा पाय दुसऱ्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. दगड सरकला आणि आधीपेक्षा आत जाऊन बसला.

आत्याने एका हाताने माझी वेणी पकडली, दुसऱ्या हाताने अन्सूची. पाणी तिच्या छातीशी आलं होतं.

"आत्या, तिला सांग आधी मी..." मी म्हणाले.

"माका नको सांगू!" आत्या ओरडली. "शिरा पडो तुमच्या रुसव्यार! तिका सांग! मी मरान गेलंय तर कोणाक सांगशात?"

तिने वेण्या सोडल्या. आम्हा दोघींची डोकी घळीवर वाकलेली, कपाळं जवळजवळ एकमेकींना टेकलेली. अन्सूच्या ओठांचा रंग उडाला होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. मला ती तेव्हा एकदम लहान दिसली. मीही तिला तशीच दिसले असेन.

"अन्सू," मी म्हणाले.

"हां."

"मी बुडी मारून खालून दगड उचलतंय. उचललो की तुजो पाय दाबीन. मगच ओढ."

"दोनदा दाब," ती लगेच म्हणाली. "एकदा दाबलंस तर माका वाटात पाणीच लागला."

"दोनदा."

"दोनदा. आणि मी ओढूक लागलंय की तू सोडू नको."

"नाय सोडणा."

मला पोहता येत नव्हतं. मासेमाराची मुलगी आणि पोहता येत नाही, यावर वाडी हसायची. मुलगी खारात काळी पडेल म्हणून माझ्या बाबांनी मला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. अन्सूला तिच्या बाबांनी दोन नारळ पोटाला बांधून खाडीत टाकलं होतं आणि पाचव्या दिवशी नारळ काढून घेतले होते. मी नाक दाबलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. खाली काही दिसत नव्हतं. हाताने चाचपत कांबेचं टोक दगडाखाली घातलं. कानांत माझंच रक्त ठोठावत होतं. मी सगळं अंग कांबेवर टाकलं. दगड हलला. एका हाताने कांब दाबून धरून दुसऱ्या हाताने मी अन्सूची पिंढरी शोधली आणि दाबली, एकदा, दोनदा.

ती ओढत राहिली. माझ्या छातीत श्वास उरला नाही. सोडू नको, असं तिने सांगितलं होतं. मी सोडलं नाही. मग कांबेवरचा भार एकदम बदलला, दगड खाली बसला, आणि मी वर आले तर आत्याचा पाय बाहेर होता. पायाकडे मी एकदाच पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून म्हशीच्या पाठीवर, सगळ्यांत उंच जागी नेलं. अन्सूने आपली ओढणी फाडली, मी बांधली. आणि तेव्हा कुठे आम्हांला कळलं, की घळीतून सुटून आम्ही कुठेच गेलो नव्हतो.

खडप लहान होत होता. ज्या जागी आमच्या टोपल्या ठेवल्या होत्या तिथून एक टोपली तरंगत निघाली. थोड्या वेळाने दुसरी. सकाळपासूनची कालवं एकेक करून परत पाण्यात जाऊन पडली. आम्ही ओरडलो. वारा आमच्या तोंडावर येत होता, हाक आमच्याच घशात परत येत होती. पलीकडच्या काठावर तिवरांच्या झाडीत एक बगळा उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

"कोणतरी येतला," आत्या म्हणत होती. "बाजारातसून बायो येतले."

बायका दुपारी दोननंतर येतात हे तिला माहीत होतं. दोन वाजता म्हशीच्या पाठीवर किती पाणी असतं हेही माहीत होतं.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मी देवाला नारळ बोलले. पिंढरीला लागलं तेव्हा पाच नारळ. गुडघ्याला आलं तेव्हा मोजणं सुटलं. भरतीची भीती वादळासारखी नसते. तिला आवाज नाही. पाणी येतं, थोडं मागे जातं, आपल्याला वाटतं थांबलं, आणि खाली पाहावं तर आणखी दोन बोटं. आत्या माझ्या खांद्यावर रेलली होती आणि तिचं अंग जड होत चाललं होतं.

होडी पलीकडे तिवरांच्या मुळांत जाऊन अडकली होती. दिसत होती. तीनशे पावलांवर असेल. पण मध्ये खोल पाट होता आणि त्यातून भरतीचा ओढा खळाळत आत चालला होता.

अन्सूने परकर वर खोचला, कासोटा घातला. आत्या डोळे उघडून म्हणाली, "नको गो. ओढ मोठी आसा."

अन्सूने तिला उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"जाऊ?"

हे तिने मला विचारलं. आत्याला नव्हे. मला! जिला पोहता येत नाही, जिला शंभरात नऊ पडतात, जिने तिच्या बांगड्या विहिरीत टाकल्या तिला. ती मला परवानगी विचारत नव्हती, हे मला कळलं. तिला एकटीने ठरवायची भीती वाटत होती.

"सरळ जाऊ नको," मी म्हणाले. "ओढीबरोबर तिरकी जा. तिवरं गावतली कुठेतरी."

"आत्याक सोडू नको."

"नाय सोडणा."

"मी येतंय. हंयच ऱ्हवा."

"जातलंव खंय?" मी म्हणाले. आत्या एवढ्यातही हसली. अन्सू पाण्यात उतरली.

तिचं डोकं दिसत होतं. मग दिसेना. मग फार खाली, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी आत, पुन्हा एक काळा ठिपका दिसला. तो अन्सूचं डोकं होतं की वाहत चाललेला नारळ, कळेना. मी डोळे ताणून बघत राहिले. खाऱ्या पाण्याने ते चुरचुरत होते. मग तिवरांच्या मुळांत काहीतरी हललं, कोणीतरी चिखलातून रांगत वर आलं आणि होडीच्या कडेला लोंबकळून आत पडलं. मी रडले. तोपर्यंत पाणी माझ्या मांड्यांच्या वर आलं होतं आणि आत्या उभी राहू शकत नव्हती. मी तिला पाठीमागून काखेत हात घालून धरलं होतं. तिची मान माझ्या छातीवर.

मग होडी निघाली. आणि उलट्या दिशेने गेली.

आमच्याकडे नाही. पलीकडच्या काठाला चिकटून, खाडीच्या तोंडाकडे, समुद्राच्या दिशेने. अन्सू पाठमोरी, वल्ही मारत होती. आमच्या समोरून गेली. थांबली नाही, वळली नाही, तिने इकडे पाहिलंही नाही.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, ही चालली. बारा बांगड्यांचे हिशेब चुकते करून ही चालली. मी तिच्या जागी असते तर परत आले असते का, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तराला जेवढा वेळ लागला त्याचीच मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. मी तिच्या नावाने बोंब मारली. परत ये म्हणाले. मेल्ये म्हणाले. बांगड्या विहिरीतून काढून देईन, सगळ्याच्या सगळ्या काढून देईन, असंही ओरडले.

"बोंबलू नको," आत्या डोळे न उघडता पुटपुटली. "ता पोर शहाणा आसा. काठाक ओढ नसता. ती वर जातली आणि मगे पाण्याबरोबर सुटतली."

तसंच होतं. म्हशीच्या बरंच पुढे, समुद्राच्या बाजूला गेल्यावर अन्सूने होडीचं तोंड वळवलं आणि ती पाटात घातली. भरतीने होडी उचलली आणि आमच्याकडे ढकलली. आता ती येत होती, पण अशा वेगाने, की थांबणार कशी? एकदा आमच्या पुढून गेली असती तर पुन्हा तिवरांपर्यंत जाऊन, काठाने वर येऊन, पुन्हा सुटायचं. तेवढा वेळ नव्हता. पाणी माझ्या छातीशी होतं. आत्याची हनुवटी मी हाताने वर धरली होती.

"शालन!" अन्सू ओरडली. सतरा दिवसांनी तिने माझं नाव घेतलं. "दोर टाकतंय! एक हात सोडतलंस?"

"सोडतंय!"

"आत्याक धरलंस?"

"धरलंय!"

"टाकतंय!"

"टाक!"

दोर हवेत आला, ओला, जड, आणि माझ्या खांद्याच्या पलीकडे पडला. मी आत्याला डाव्या हाताने कवेत घेतलं आणि उजव्याने पाण्यात झडप घातली. बोटांना दोराचं टोक लागलं. ते सटकलं. पुन्हा लागलं.

"गावलो!"

मी दोर मनगटाभोवती दोन वेढे घेतला आणि टाच खडपाच्या फटीत रोवली. होडी माझ्या हाताला लागली तेव्हा खांदा निखळतो की काय असं वाटलं. तो खांदा अजून थंडीत दुखतो. पण होडी थांबली, फिरली, आणि तिची कड आत्याच्या पाठीला येऊन टेकली. वरून अन्सूने ओढलं, खालून मी ढकललं. कधी ओढायचं, कधी ढकलायचं, हे आम्ही प्रत्येक वेळी मोठ्याने बोललो. एक शब्दही गिळला नाही. शेवटी तिने मला परकराला धरून आत घेतलं.

होडीत आम्ही काही बोललो नाही. पण ते न बोलणं रुसव्याचं नव्हतं. वल्ही मात्र एकदम पडत होती.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. तालुक्याच्या डॉक्टरने पायाला फळ्या बांधल्या, पाय राहील पण सरळ होणार नाही म्हणाला. आत्याला पडवीत चटईवर निजवलं होतं. पुरुष समुद्रावरून आले होते. माझे बाबा आणि काका दाराशी उभे होते, आणि आम्ही दोघी खांबाला टेकून.

"होडी बांधूचा काम कोणाचा व्हता?" बाबांनी विचारलं.

"माजा," अन्सू म्हणाली.

"मगे बांधूक नाय?"

"नाय."

काकांचा हात वर गेला. काका कधी मारत नसत. अन्सूने डोळे मिटले. तेवढंच सांगून ती थांबली, आणि मला कळलं की आता मी गप्प राहिले तर कोणालाच कधी काही कळणार नाही.

कारण मी पाहिलं होतं. सकाळी खडपाला लागल्यावर अन्सूने दोराचा एक वेढा खुंट्याला घातला आणि ती थांबली. दोर हातात धरून, माझ्याकडे पाठ करून, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. ती मी विचारण्याची वाट बघत होती. 'बांधलंस गो?' एवढे दोन शब्द. मी विचारलं असतं तर तिने गाठ मारली असती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून टोपली उचलली. तेव्हा तिनेही दोर तसाच टाकला आणि दुसऱ्या बाजूला निघून गेली. गाठ नव्हती. मला ते स्वच्छ दिसलं होतं. मला वाटलं होतं, होडी थोडी सरकेल, आत्या हिलाच ओरडेल. बरं होईल.

मी खांब सोडून पुढे आले.

"बाबा, माका दिसला व्हता," मी म्हणाले. "दोर नुसतो टाकलेलो. माका दिसला आणि मी बोलूक नाय."

काकांचा हात तसाच वर राहिला. बाबा माझ्याकडे वळले. अन्सूने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला दिसलं होतं, हे तिलाही दिसलं होतं.

आता दोघींना पडणार, असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"मारू नकात रे पोरांका."

सगळे तिकडे वळले. आत्या छपराकडे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माकाय दिसला व्हता," ती म्हणाली. "गाठ मारूक नाय ता. मी मुद्दामच बाजाराच्या दिवशी दोगींका घेऊन गेलंय. म्हटला, कोणी नसला की बोलतली. दोर बघितलंय आणि गप ऱ्हवलंय. माका वाटला, आता बोलशात. मगे वाटला, आता बोलशात. मगे कालवा काढूक लागलंय आणि..."

पुढे तिला बोलता आलं नाही. काकांनी हात खाली घेतला. एक दोर सुटा पडला होता, आणि तो तिघींनी पाहिला होता.

अन्सू खांबापासून दूर झाली. "होडी बघून येतंय," ती म्हणाली.

मी तिच्या मागे गेले. धक्क्यावर अजून उजेड होता. पाणी ओसरू लागलं होतं आणि होडी चिखलाला टेकायला आली होती. अन्सूने दोर सोडला, पुन्हा खुंट्याला घातला, आणि वाकून बसली. दोर हातात धरून, माझ्याकडे पाठ करून.

"बांधलंस गो?" मी विचारलं.

तिने नाक ओढलं. गाठ आवळली.

"बांधलंय गो," ती म्हणाली. "ओढून बघ."

मी ओढून बघितलं.